स्टीम डेकवरील बूटलोडर दुरुस्ती
स्टीम डेकवरील बूटलोडर दुरुस्ती म्हणजे स्टीम डेक या हातात धरून खेळावयाच्या संगणकावर दोन संचालन प्रणाली असताना बिघडलेली प्रारंभ-व्यवस्था पूर्ववत करण्याची प्रक्रिया होय. व्हॉल्व्ह कंपनीचे हे उपकरण फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आले. त्यावर आर्च लिनक्सवर आधारित स्टीमओएस ही प्रणाली असते. काही वापरकर्ते तिच्याजोडीला विंडोज बसवतात. या रचनेस द्वि-बूट म्हणतात.

== कार्यपद्धती ==
उपकरण सुरू होताच यूईएफआय फर्मवेअर कार्यरत होते. कोणता बूटलोडर कोठे आहे आणि त्यांचा क्रम काय, याच्या नोंदी फर्मवेअरच्या कायमस्वरूपी स्मृतीत असतात. प्रत्यक्ष बूटलोडर मात्र साठवणुकीतील ईएफआय पार्टिशनमध्ये फाइलच्या रूपात असतो. त्यामुळे नोंद पुसली गेली तरी फाइल शाबूत असू शकते.

== बिघाडाची कारणे ==
विंडोज बसवताना किंवा अद्ययावत करताना तिचा बूट मॅनेजर क्रमात पहिला येऊ शकतो. परिणामी उपकरण थेट विंडोजमध्ये सुरू होते आणि स्टीमओएस नाहीशी झाल्याचा समज होतो. पार्टिशनचा आकार बदलताना झालेली चूक अधिक गंभीर ठरते. तीत बूटलोडरची फाइलच नष्ट होऊ शकते.

== दुरुस्ती ==
* उपकरण पूर्ण बंद करून आवाज कमी करण्याचे बटण दाबून ठेवावे व पॉवर बटण दाबावे. सूचक ध्वनी आल्यावर बटणे सोडल्यास बूट-यादी दिसते. हवी ती प्रणाली यादीत असल्यास केवळ क्रम बदललेला असतो.
* नोंद नसल्यास आवाज वाढवण्याचे बटण वापरून फर्मवेअरची मुख्य यादी उघडता येते. तेथील 'बूट फ्रॉम फाइल' या पर्यायातून 'ईएफआय' फोल्डरमधील 'स्टीमओएस' फोल्डरात असलेली बूटलोडरची फाइल निवडता येते.
* ही निवड त्या वेळेपुरतीच असते. स्टीमओएस सुरू झाल्यावर डेस्कटॉप मोडमधील टर्मिनलवर 'ईएफआयबूटएमजीआर' या आज्ञेने नवी नोंद करता येते व क्रमही ठरवता येतो. त्यासाठी प्रशासकीय पासवर्ड आधी निश्चित केलेला असावा लागतो.
* विंडोजच्या बूट-फाइल खराब झाल्यास तिच्या स्थापना-यूएसबीवरून 'बीसीडीबूट' ही आज्ञा देऊन त्या नव्याने लिहिता येतात.
* स्टीमओएसची फाइलच नसल्यास व्हॉल्व्हने उपलब्ध केलेली पुनर्प्राप्ती प्रतिमा यूएसबीवर घेऊन वापरावी लागते.

== खबरदारी ==
पुनर्प्राप्ती प्रतिमेतील 'री-इमेज' हा पर्याय अंतर्गत साठवणूक पूर्णपणे पुसतो. खेळांतील जतन केलेली प्रगती, वैयक्तिक फाइल आणि त्याच साठवणुकीवरील विंडोजही त्यात जाते. म्हणून आधी बूट-यादी व नोंदी तपासणे आणि हा पर्याय शेवटी योजणे श्रेयस्कर ठरते. विंडोजचे पार्टिशन बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास बूट-रचना बदलल्यानंतर पुनर्प्राप्ती-की मागितली जाऊ शकते. ती आधीच अन्यत्र नोंदवून ठेवणे आवश्यक असते.