अल्ब्युमिन उतरलं, म्हणजे काय झालं?

लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया झालेल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाला ताप येईलच असं नाही. कधी तो असंबद्ध बोलू लागतो, कधी जेवण टाकतो, कधी तोल जाऊन पडतो. संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागला, की त्याला सेप्सिस म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख माणसं सेप्सिसमुळे दगावली, असा अंदाज आहे. वृद्धांपैकी कोण यातून तरेल, याची थोडी चाहूल रोजच्या रक्ततपासणीत लागते. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या जितकं खाली जातं, तितका धोका वाढतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटणं आणि लॅक्टेट चढणं हीही वाईट लक्षणं. पण ‘अल्ब्युमिन कमी आहे’ हे ऐकताच नातेवाईक ‘खाणं कमी पडलं’ असा अर्थ काढतात आणि प्रोटीन पावडरचा डबा आणायला धावतात. त्या आकड्याचा हा अर्थ अपुरा आहे.

रक्तातलं अल्ब्युमिन निम्मं व्हायला एरवी जवळपास तीन आठवडे लागतात. सेप्सिसमध्ये मात्र ते एक-दोन दिवसांत कोसळतं. इतक्या थोड्या काळात कोणी उपासमारीने खंगत नाही. घडतं ते असं, की दाहामुळे केशवाहिन्या पाझरू लागतात, अल्ब्युमिन ऊतींमध्ये झिरपतं आणि यकृत ते बनवायचं सोडून सीआरपीसारखी दाहाची प्रथिनं बनवू लागतं. उलट, ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात अन्न टाळून हाडांचा सापळा झालेल्या रुग्णांचंही अल्ब्युमिन पुष्कळदा ठीक असतं. म्हणजे हा आकडा मुख्यतः आगीची धग मोजतो, घरातलं धान्य नव्हे. जपानमध्ये १९८४ साली ओनोदेरा यांनी अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट मिळून एक पोषण निर्देशांक मांडला. अल्ब्युमिन २.४ आणि लिम्फोसाइट ८०० असतील, तर तो २८ येतो. पण त्यांनी तो पचनमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी जोखीम जोखायला काढला होता. आज तो सेप्सिसमध्ये वापरताना त्याच्या नावातल्या ‘पोषण’ या शब्दावर विसंबणं बरं नव्हे.

कोणी म्हणेल, कारण काही असो, कमी आहे ते भरून काढा. इटलीत १,८०० हून अधिक सेप्सिस रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेमकं हेच करून पाहिलं. अल्ब्युमिन शिरेतून देऊन पातळी राखली, तरी एकूण जगण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं २०१४ मध्ये दिसलं. मग पोषणाला महत्त्वच नाही का? आहे, आणि मोठं आहे. फक्त ते वेगळ्या मापाने मोजावं लागतं. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं, दंड-पोटऱ्या किती वाळल्या, मुठीत जोर किती उरला, ताटात किती शिल्लक राहतं, या प्रश्नांना प्रयोगशाळा लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुपोषणाचा धोका असलेल्या, वॉर्डातल्या दोन हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आहार दिला, तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू सुमारे १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आयसीयूतल्या गंभीर रुग्णांना प्रथिनांचा भडिमार करून मात्र असा फायदा झाला नाही. योग्य माणसाला, योग्य वेळी, झेपेल तेवढं, हाच नियम.

यापेक्षा गंभीर आक्षेप असा, की वाईट आकडे दिसले तर म्हाताऱ्या माणसाचा छळ कशाला वाढवायचा? थांबण्याचा निर्णय कधी रास्त असतो. पण तो रुग्णाची इच्छा, आधीची तब्येत आणि उपचारांना मिळणारी साथ पाहून घ्यायचा असतो. आकडे शंभर जणांच्या समूहाबद्दल बोलतात; खाटेवरचा माणूस त्यातला कोणता, हे त्यांना सांगता येत नाही. अल्ब्युमिन २.४ निघालं तर प्रतिजैविक वेळेत सुरू झालं का, संसर्गाचं मूळ सापडलं का, गिळता येत नसेल तर अन्न पोचवण्याची सोय झाली का, हे आधी विचारायला हवं. ज्याच्याकडे लढायला बळ कमी, त्याच्याकडे लक्ष जास्त, यासाठीच हे आकडे कामी यावेत.