पाखराचा श्वास

जयपूरच्या मुरलीपुरा भागात पिंजऱ्यातील पाखरांची परीक्षा दोन ऋतू पाहतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. जानेवारीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटविण्याचा मोह होतो. माणूस दोन्ही सोसतो. बजरीगरासारख्या चिमुकल्या पाखराला ते सोसेलच असे नाही.

पक्ष्याची श्वसनरचनाच निराळी आहे. त्याची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत. शरीरात पसरलेल्या, बहुधा नऊ, वायुकोशांचा भाता हवा खेळवितो आणि श्वास सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून वाहत राहते. उड्डाणाला हे वरदान. परंतु विषारी वायूही तितक्याच त्वरेने रक्तात उतरतो. याच कारणास्तव ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत असत. त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे १९८६ साली जाहीर झाले. बंद खोलीत शेगडी जळत असता पाखरू कलंडले, तर धोका घरातील माणसांनाही आहे, असे समजून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. अतिशय तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफही पाखराचा जीव घेऊ शकते.

आजार लपविणे हा पक्ष्यांचा स्वभावच. रानात दुबळे दिसणारे पाखरू शिकाऱ्याच्या दृष्टीस पडते. म्हणून त्याला दुरून, ते विसावलेले असताना न्याहाळावे. श्वासागणिक शेपटी खालीवर होणे, चोच उघडी राहणे, श्वासात टकटक वा शिट्टीसारखा आवाज येणे, कंठ बदलणे, पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, ही धोक्याची चिन्हे होत. उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारे पाखरू बहुधा उष्म्याने व्याकुळ असते. त्याला तत्काळ सावलीत, खेळत्या हवेत न्यावे. एरवी बुरशी लागलेले धान्य, केवळ दाण्यांवर पोसल्याने येणारी अ जीवनसत्त्वाची उणीव, किंवा संसर्ग यांपैकी काहीही कारण असू शकते. काही संसर्ग माणसालाही होतात; यास्तव विष्ठा ओली करूनच झाडावी व हात धुवावेत.

अशा वेळी पाखराला मुठीत घेणे ही घातक चूक ठरते. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच हवा आत जाते. मायेने आवळलेली मूठही त्याला गुदमरवू शकते. चोचीत पाणी वा औषध घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. धूर, उदबत्ती, अत्तर दूर करावे. उष्म्याचा त्रास नसेल, तर पिंजऱ्याच्या एकाच बाजूस सौम्य ऊब द्यावी, म्हणजे नकोशी झाल्यास पाखराला सरकता येईल. मग पिंजऱ्यावर हवा जाईल असे वस्त्र टाकून, पिंजऱ्यासकटच त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

श्वासाची धडपड आपल्या दृष्टीस पडते, तेव्हा पाखराची शक्ती बरीचशी सरलेली असते. 'उद्या पाहू' म्हणण्याइतका अवधी तेव्हा हाती नसतो.