बाजारहाट करणारी गोल्फगाडी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत गोल्फच्या मैदानावरची चिमुकली गाडी बाजारहाटाला जाते, शाळेलासुद्धा! तिच्यासाठी तेथे सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वेगळ्या वाटा आहेत. वेगळ्या कशासाठी? गणित करून पाहा.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. माणसांसह ५०० किलोग्रॅमची गोल्फगाडी सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किलोमीटर) धावली, तर ही ऊर्जा ६,२५० ज्यूल भरते. १,५०० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला २० मीटर धावली, तर ३,००,००० ज्यूल! वस्तुमान तिप्पट, वेग चौपट. ऊर्जा मात्र ४८ पट. अशा मोटारीची धडक बसली, तर गोल्फगाडीला बिचारीला दारेदेखील नसतात.

त्या वाटांवरून पादचारी आणि सायकलस्वारही जातात. त्यांच्या दृष्टीने ६,२५० ज्यूलही थोडे नव्हेत.