जाब विचारणारे सभागृह

संसद म्हणजे कायदे करणारे मंडळ, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. कायद्याचा मसुदा मंत्रालयात तयार होतो, मंत्रिमंडळ त्याला मान्यता देते आणि बहुमत पाठीशी असले की तो मंजूरही होतो. मग पाचशेंवर माणसे निवडून लोकसभेत पाठवायची ती कशासाठी? हात वर करण्यासाठी?

या प्रश्नाचे उत्तर १९५७ सालच्या एका प्रकरणात सापडते. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. पैसा होता तो पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्या विमेदारांचा. सप्टेंबरमध्ये रामसुभग सिंग यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. सरकारकडून मिळालेले उत्तर टोलवाटोलवीचे होते. पण लेखी नोंदलेल्या उत्तराची एक गंमत असते, ते पुन्हा पुढे धरता येते. १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी व्यवहाराचा सारा तपशीलच सभागृहापुढे मांडला.

हे दोघेही सदस्य सत्ताधारी काँग्रेसचे होते, आणि फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. तरीही चौकशी टळली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत, लोकांसमोर, उघड सुनावणी घेऊन महिनाभरात अहवाल दिला. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकार पडले नाही, कुठे दगडफेकही झाली नाही. विमेदाराच्या पैशाचा हिशेब मात्र मागितला गेला.

तो काळ सोन्याचा होता, असे म्हणायचे नाही. आपल्याकडे जुन्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची खोड फार. पण काही आकडे डोळ्यांआड करता येत नाहीत. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ या काळातली सतरावी लोकसभा २७४ दिवस. त्यात करोनाची साथ होती, हे मान्य. पण त्याच साथीचे कारण सांगून सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. विधेयके मात्र मंजूर होत राहिली! लेखी उत्तरे मिळत होती, पण उत्तर पुरेसे नसेल तर लगेच पूरक प्रश्न विचारून मंत्र्याला जागच्या जागी पकडण्याची सोय त्यात नसते, आणि सगळी धार असते ती तिथेच.

विरोधकांनाही यातून सूट देता येत नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन दूरसंचार घोटाळ्याच्या मागणीपायी जवळजवळ पूर्ण वाहून गेले. मार्च २०१८ मध्ये गोंधळ चालू असतानाच देशाच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. सभागृह बंद पडले की सुटकेचा निःश्वास टाकतो तो मंत्रीच. उत्तर द्यावे लागत नाही ना!

त्यातच १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराच्या मतावर व्हिपचा पहारा बसवला. तो कायदा बोलण्याला थेट बंदी करत नाही, व्हिपचे बंधन मतदानापुरतेच आहे. पण मत आधीच ठरले असेल, तर अडचणीचे बोलून पक्षश्रेष्ठींची नाराजी ओढवून घेणार कोण?

तीन कृषी कायद्यांचे उदाहरण ताजेच आहे. जून २०२० मध्ये वटहुकूम निघाले. सप्टेंबरमध्ये राज्यसभेत, मतविभागणीची मागणी होत असताना, त्यातली दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर, थंडीवाऱ्यात बसून होते. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे रद्द करणारे विधेयक आले. दोन्ही सभागृहांत ते त्याच दिवशी मंजूर झाले, आणि तेही चर्चेविना.