परिचारिकेचा संकल्प आणि घराची संमती

मरणासन्न मनुष्याच्या उशाशी गंगाजळाची लोटी घेऊन बसण्याचे काम आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी केले. रुग्णालयांच्या या काळात ते बहुतांशी परिचारिकेकडे गेले आहे. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, औषध लिहितात व पुढच्या खाटेकडे वळतात. रात्रभर जागी असते ती परिचारिका. मृत्यूची ओळख तिला पोथीतून झालेली नसते. अशा स्त्रीने ‘माझ्यामागे माझे अवयव गरजूंस द्यावे’ असा संकल्प केला, तर त्यामागचा विचार समजून घेणे हे आपले कर्तव्य होय. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांकडे दृष्टी ठेवून तो विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्याच समाजाचा थोडा इतिहास आठवू. परक्याच्या देहास हात लावणे, त्याचे मलमूत्र काढणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असा आपल्या घरांतून एके काळी दृढ समज होता. पुण्यास १९०९ साली सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नाने त्या संस्थेच्या स्त्रिया ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा त्या समजाला पहिला धक्का बसला. विदर्भात कमलाबाई होस्पेट यांनी वैधव्याचे दुःख गिळून परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साहाय्याने नागपुरास मातृसेवा संघ स्थापिला. पुढे त्याच घरांतील सुनांची बाळंतपणे अशा स्त्रियांच्या हातून सुखरूप पार पडली आणि टीकाकारांची तोंडे आपोआप मिटली. जिवंत देहाविषयीची आपली शिवाशिव परिचारिकांनी दूर केली. मृत देहाविषयीचा संकोच दूर करण्याचे कामही त्यांच्याच वाट्यास आलेले दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान करावयाचे तर मृत्यू बहुधा एका विशिष्ट रीतीने यावा लागतो. डोक्यास जबर इजा झाली वा मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणजे कधीकधी मेंदूचा देठ कायमचा निकामी होतो. परंतु श्वासयंत्राच्या बळावर छाती हालत राहते व हृदय काही काळ धडधडते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयारोपणाचा प्रयत्न केला, तेव्हा असा मृत्यू मानणारा कायदा आपल्या देशात नव्हता. तो १९९४ साली झाला. आणि ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी संसदेकडे त्याची मागणी केली होती, त्यांत गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या जोडीने आपला महाराष्ट्र होता. मूत्रपिंडांच्या चोरट्या व्यापारास आळा घालणे हाही त्या कायद्याचा एक हेतू होता.

या कायद्यान्वये चार डॉक्टरांचे मंडळ रुग्णास तपासते. बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळास कापसाचा स्पर्श करतात, कानात थंड पाणी सोडतात, आणि शेवटी श्वासयंत्र थांबवून रुग्ण आपण होऊन एक तरी श्वास घेतो का हे पाहतात. निदान सहा तासांच्या अंतराने हीच परीक्षा पुन्हा होते. अवयवारोपण करणारा कोणीही डॉक्टर या मंडळात असू शकत नाही. दोन परीक्षांमधील त्या तासांत रुग्णाजवळ परिचारिका असते. त्याचा रक्तदाब सांभाळणे, अंग गार पडू न देणे, लघवीचे मोजमाप ठेवणे, उघडे राहणारे डोळे ओलसर ठेवून झाकणे, ही कामे ती जिवंत रोग्याइतक्याच अदबीने करते. हलणारी छाती आणि श्वास घेणारा मनुष्य यांतील भेद तिला जसा उमगतो, तसा बाहेर बाकावर बसलेल्या आप्तांस कसा उमगावा?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न अधिकच बिकट आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तर भामरागडाहून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडाचा रस्ताच तुटतो. शरीराबाहेर काढलेले हृदय चार ते सहा तास, यकृत सुमारे बारा तास आणि मूत्रपिंड एक दिवसभर वा थोडे अधिक उपयोगी राहते. म्हणजे रानातल्या उपकेंद्रावर काम करणाऱ्या परिचारिकेस तेथेच मृत्यू आला, तर तिचे हृदय कोणाच्याही कामी येणार नाही. नेत्रदानास श्वासयंत्र लागत नाही. तथापि तेही सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते. दुसरीकडे गरज मात्र मोठी आहे. या भागात आढळणारा सिकलसेलचा आनुवंशिक रोग मूत्रपिंडांसही अपाय करतो. आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या मनुष्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्तशुद्धीसाठी शहर गाठणे म्हणजे मजुरी आणि संसार दोन्हींवर पाणी सोडणे होय. २०२३ साली साऱ्या भारतात मरणोत्तर अवयवदाते झाले ते अवघे १,०९९!

मग आपले दान फळास येण्याचा संभव इतका थोडा असता परिचारिकेने संकल्प का करावा? आमच्या मते याचे उत्तर त्या बाकावर बसलेल्या आप्तांपाशी आहे. दुचाकीच्या अपघातात तरणा मुलगा गमावलेला बाप रात्री दोन वाजता डॉक्टरांस काही विचारू धजत नाही. तो परिचारिकेस विचारतो, ‘सिस्टर, तुमच्या घरचे कोणी असते, तर तुम्ही दिले असते का?’ संमती मागणे हे तिचे काम नव्हे. त्यासाठी डॉक्टर व समन्वयक नेमलेले असतात. आग्रह करणे तर तिने कटाक्षाने टाळावे. परंतु या प्रश्नाला खरे उत्तर देणे तिला टाळता येत नाही. ‘माझा स्वतःचा कागद मी भरून ठेवला आहे, आणि माझ्या घरी सर्वांस तो ठाऊक आहे’, एवढे ती सांगू शकली, तर तो बाप देवो वा न देवो, आपल्याला कोणी फसवीत नाही एवढी तरी त्याची खात्री पटते.

‘माझ्या घरी सर्वांस ठाऊक आहे’ हे शब्द मात्र सोपे नाहीत. कायद्याप्रमाणे संकल्पपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक तरी जवळचा नातलग असावा लागतो. पती, आईबाप, मुले, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे हे कायद्याचे जवळचे नातलग. सासूसासरे त्या यादीत नाहीत. परंतु एकत्र कुटुंबात शेवटचा शब्द पुष्कळदा त्यांचाच असतो. घरच्यांनी नकार दिला, तर व्यवहारात कोणतेही रुग्णालय पुढे जात नाही. सुनेने विचारपूर्वक केलेली सही मग पेटीत तशीच राहते.

घरातील आक्षेपांची टर उडविणे आम्हांस मान्य नाही. देह विद्रूप होईल ही भीती स्वाभाविक आहे. पण शस्त्रक्रियेनंतर देह नीट शिवून परत देतात व सारे अंत्यसंस्कार यथाविधी करता येतात. संमतीनंतरचा देह राखण्याचा व अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरावर पडत नाही. पुढच्या जन्मी तो अवयव मिळणार नाही, अशी शंका कोणी वडील मंडळी घेतात. ज्या चितेवर आपण सारा देहच ठेवतो, तिच्यापाशी ही शंका कशी टिकावी? मृताविषयीचा आदर प्रत्येक समाज आपापल्या परीने जपतो. भामरागडाकडचे माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतात. त्या आदराला धक्का न लावता बोलणे परिचारिकेस साधते, ते आपणांसही साधले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जराशी कडू, सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२३ साली देशातील जिवंत अवयवदात्यांत स्त्रिया शेकडा सुमारे ६३ होत्या. मुलाकरिता आईने, पतीकरिता पत्नीने मूत्रपिंड द्यावे, हे आपणांस सहज वाटते. ज्या घराला स्त्रीचे जिवंतपणीचे दान घेताना संकोच होत नाही, त्याने तिच्या मरणोत्तर इच्छेच्या आड यावे, हे न्यायाचे होईल काय?

अशा प्रसंगी आपण दधीची ऋषींचे नाव घेतो. देवांनी दधीचींस अस्थी मागितल्या त्या स्वतः त्यांच्याच मुखाने होकार ऐकून. आजच्या दात्याचा होकार त्याच्या आप्तांच्या मुखातून यावा लागतो. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती, की दुःखाची वेळ येण्यापूर्वी, सर्व मंडळी एकत्र जमली असता, हा विषय एकदा शांतपणे काढावा. ज्याची इच्छा नसेल त्यानेही ती स्पष्ट सांगावी. आणि घरातील लेक वा सून परिचारिका असेल, तर तिच्या कागदावर साक्षीची सही करण्यापूर्वी तिला समोर बसवून तिने रात्रपाळीत काय काय पाहिले ते ऐकून घ्यावे. तिचा संकल्प तेव्हाच साऱ्या घराचा होईल.