मांजर खाजवतंय, पण पिसू दिसत नाही?

मांजराच्या मानेवर किंवा शेपटीच्या मुळाशी बारीक खपल्या दिसल्या, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. त्यांच्या लाळेतल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल, तर मोजके चावेही पुरतात. अंग चाटताना मांजर पिसवा गिळून टाकतं, म्हणून त्या सापडत नाहीत. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गोल चट्टे पडून केस गळत असतील, तर गजकर्णही असू शकतं. ते माणसालाही होतं. कुत्र्यांसाठीचं पिसवांवरचं परमेथ्रिनयुक्त औषध मात्र मांजराला कधीही लावू नका. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नाही. झटके येऊन जीवही जाऊ शकतो. औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्या.