जनगणनेने मोजले, वहीने जपले

तळेगाव दाभाडेच्या बाजारपेठेत तीन-चार पिढ्या दुकान चालविणाऱ्या जैन घरात पूर्वजांविषयी विचारावे, तर आजोबांचे नाव तत्काळ मिळते, पणजोबांचे थोडे आठवून मिळते. त्यापलीकडे ‘मूळचे मारवाडातले’ किंवा ‘छप्पनियाच्या दुष्काळात आले’ एवढेच उत्तर येते. सेनापती खंडेराव दाभाडे आणि उमाबाई यांच्या या गावाला इतिहासाची उणीव नाही. पण मीठ, गूळ, कापड विकून संसार उभा करणाऱ्या साध्या दुकानदाराचे चरित्र कोणी लिहिले? ते त्याने स्वतःच, रोज दिवेलागणीला, रोजमेळात लिहून ठेवले आहे. वाचायचे मात्र राहून गेले आहे.

जनगणनेत काय मिळते?

पूर्वजांचा शोध म्हटला की प्रथम जनगणना आठवते. आपल्या देशात पहिली जनगणना 1872 च्या सुमारास झाली आणि 17 फेब्रुवारी 1881 रोजी देशभर एकाच वेळी गणना करण्यात आली. गणनेच्या तक्त्यात नाव, वय, धर्म, व्यवसाय, जन्मस्थान अशी माहिती लिहिली जाई. परंतु बेरजा छापून झाल्या की हे कुटुंबवार तक्ते जतन करण्याची प्रथा नव्हती. आजही जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही.

ब्रिटनमध्ये 100 वर्षांनी, तर अमेरिकेत 72 वर्षांनी असे तक्ते खुले होतात. त्यामुळे 2022 मध्ये तेथील लोकांनी अनुक्रमे 1921 आणि 1950 च्या गणनेतील आपल्या आजोबा-पणजोबांचे घर पाहिले. आपल्याला ती सोय नाही.

तरीही छापील अहवाल उपयोगी पडतात, कारण पूर्वज ज्या जगात वावरले ते जग त्यांतून कळते. 1901 मध्ये तळेगावची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती 56 हजारांवर गेली. पाच हजारांच्या गावात दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखी. त्याची सारी उधारी या ओळखीवरच उभी असे. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. 1918 ची इन्फ्ल्युएन्झाची साथ हे त्याचे मोठे कारण. घरच्या वहीत संवत् 1974-75 च्या सुमारास हस्ताक्षर एकाएकी बदललेले दिसले, तर या आकड्याचा अर्थ मनाला भिडतो.

सरकारी दप्तर

नाव हवे असेल तर अन्य दप्तरे पाहावी लागतात. शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यावा. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान असते. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांच्या भावंडांच्याही नोंदी सापडतात. शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदी नगरपरिषदेत, तर खेड्यांतील जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे ‘कोतवाल बुका’त असतात. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात हीच बुके राज्यभर उघडली गेली आणि त्यांचे मोल सर्वांना कळले. घर-दुकानाच्या मिळकत पत्रिकेवरील वारसनोंद आणि जमिनीचे जुने फेरफार यांतून मृत्यूचे वर्ष, मुलांची नावे आणि वाटणीचा इतिहास उलगडतो.

घरची वही

एवढे झाले तरी हाती लागतात त्या जन्म, मृत्यू व मिळकतीच्या तारखा. माणूस भेटतो तो वहीत. घरखर्चाच्या खात्यात मुलीच्या लग्नाचे सोने दिसते, औषधाचा खर्च दिसतो, देशाकडे जाण्याचे रेल्वेभाडे दिसते. पुणे-खंडाळा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला आणि तळेगावचा माल व माणसे दोन्हींची ये-जा बदलली. मावळच्या भाताचा व्यापारही त्यात आला. धर्मादा खात्यात पांजरपोळ, मंदिर, स्थानक यांच्या रकमा असतात. येथे पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला. घराघरांतून पैसा-पैसा गोळा करणाऱ्या त्या फंडाच्या नावे एखादी नोंद आढळली, तर आपला पणजोबा स्वदेशीच्या चळवळीत कोठे उभा होता, हे एका ओळीत कळेल.

वाचनात दोन अडचणी येतात. पहिली लिपीची. जुन्या वह्या मोडी, गुजराती किंवा महाजनी लिपीत असतात. महाजनीत काना-मात्रा बहुधा गाळतात. म्हणून ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. मोडी शिकविणारे वर्ग पुण्यात भरतात. दुसरी अडचण कालगणनेची. विक्रम संवतातून महिन्यानुसार 57 किंवा 56 वजा केले की इसवी सन मिळतो. छप्पनिया म्हणजे संवत् 1956, अर्थात 1899-1900. शिवाय मारवाडी पंचांगातील ‘कार्तिक वदि’ म्हणजे आपल्याकडील आश्विन वद्य. हे न जाणल्यास पूर्ण महिन्याची चूक होते.

अवघड नोंदी

शोध प्रामाणिक असेल तर अभिमानाच्या नोंदींबरोबर अवघड नोंदीही समोर येतात. आपल्या अनेक पूर्वजांचा दुकानासोबत सावकारीचाही व्यवसाय होता. 12 मे 1875 रोजी जिल्ह्याच्या पूर्व भागातील सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी मुख्यतः सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. या उठावानंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. दुकानदाराच्या घरात ही आठवण ‘लूट’ म्हणून राहिली, शेतकऱ्याच्या घरात गहाण गेलेल्या शेताची म्हणून. जुना फेरफार दोन्ही नावे एकाच पानावर दाखवितो. ते पान बाजूला सारू नये. पूर्वजांविषयीचा आदर सत्य जाणल्याने उणावत नाही.

दुसरी अवघड जागा स्त्रियांची. वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. आजी-पणजीचे माहेर कोणते, लग्नापूर्वीचे नाव काय, हे घरातील वृद्ध स्त्रियाच सांगू शकतात. वह्या थांबतील, त्या थांबणार नाहीत. म्हणून पहिली भेट त्यांची घ्यावी आणि सांगतील ते तारखेसह लिहून ठेवावे.

रद्दीपूर्वी

तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आले, जागेचे भाव चढले आणि जुने वाडे पडून इमारती उभ्या राहू लागल्या. घर रिकामे करताना माळ्यावरचे लाल कापडाचे गाठोडे प्रथम रद्दीत जाते. ज्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींचे नाव लिहून लक्ष्मीपूजनाला कुंकू वाहिले, ती पुढे किलोवर विकली जाते. लिहिलेल्या अक्षराची आशातना होऊ नये, असे आपण मुलांना सांगतो. तो नियम हिशेबाच्या अक्षरालाही लागू आहे.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी ग्रंथांची धूळ झाडून पूजन करण्याची आपली परंपरा आहे. यंदा ग्रंथांसोबत जुन्या वह्याही खाली काढाव्यात. वाळवी लागलेली पाने वेगळी करावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, गाठोड्यावर घराण्याचे नाव व संवत लिहावा आणि वेखंडाचे तुकडे घालून ते कोरड्या जागी ठेवावे. मग घरातील एका नातवाला किंवा नातीला जवळ बसवून एकच पान वाचून दाखवावे.